हॅबगुडकडे कसं जायचं

आणि तोंड उघडंच राहिलं.

कुणाचं, ते सांगण्याआधी एवढं सांगायला हवं की हे तोंड एरवी फार व्यवस्थित मिटलेलं असे. लोकांच्या मूळव्याधीपासून त्यांच्या मेहुण्यांच्या झोपेच्या गोळ्यांपर्यंत सगळं जन्मभर ऐकूनही जे कधी कुणासमोर उघडलं नाही, असं ते तोंड होतं. होबार्टमधलं औषधांचं दुकान विकून लायनेल हॅबगुड या टेकड्यांत जमीन घेऊन राहायला आला, तेव्हा तो ते तोंड तसंच मिटलेलं घेऊन आला. या गोष्टीत मात्र ते वारंवार उघडणार आहे. त्याचा इलाज नाही.

पहिल्यांदा उघडलं ते गेल्या डिसेंबरात, म्हणजे आमच्या दक्षिणेकडच्या भर उन्हाळ्यात. कडक ऊन, कमरेएवढं गवत, आणि ग्लेनिस डफ आपल्या ट्रॅक्टरवर बसून ते कापत चाललेली. मधेच गवतातून असा आवाज आला की शेजारच्या रानातल्या मेंढ्याही उठून उभ्या राहिल्या. ग्लेनिस खाली उतरली. वाकली. हातात एक लोखंडी वस्तू घेऊन कुंपणापर्यंत चालत आली.

"हे काय आहे?"

"पलंगाचा पाय असावा," लायनेल म्हणाला, कारण तो पलंगाचा पाय होता.

"मला गवत कापायला बोलावलंस की झोपायला?"

ग्लेनिसबद्दल एवढं पुरे की टेकडीच्या या बाजूला गवत कापायचं आणि त्याच्या गाठी बांधायचं यंत्र एकट्या तिच्याकडे होतं. पाद्री नाराज झाला तर चालत असे. ग्लेनिस नाराज झाली तर तुमचं गवत उभ्याचं उभं वाळून काडी होई, आणि हिवाळ्यात तुमची जनावरं तुमच्याकडे अशी बघत की तुम्ही खिडकीचा पडदा ओढून घ्यावा.

"ऐक, औषधवाल्या," ती म्हणाली. "या रानात माझ्या बापानं पातं मोडलं होतं, आज मी मोडलं. आता बास. वसंतात रान नीट कर. कुळव फिरव, रोलर फिरव, लोखंड वेच. सप्टेंबरअखेर फुटबॉलची फायनल असते, तिच्या दुसऱ्या दिवशी मी येऊन बघीन. पटलं तर पुढच्या डिसेंबरात कापीन. नाही पटलं, तर तू आणि तुझी गाढवं उभं गवत वाटून खा."

गाढवं लायनेलची नव्हती, त्याच्या बायकोची होती. नोएलीनने दोन म्हातारी गाढवं प्रेमाने सांभाळली होती. एकाचं नाव बिशप, दुसरीचं डॉरीन. पण हा तपशील त्या क्षणी मांडण्याजोगा नव्हता; तो मांडायला उघडलेलं तोंड उघडंच राहिलं.

इथे कुंपण आलं. ट्रॅक्टर वळतो तसं वळू या.

आता लायनेलचं खरं दुखणं. त्याची जमीन त्याची होती, पण तिला सगळे "ग्लीसनचं" म्हणत. ग्लीसन मरून गेला होता. त्याची बायको गेली, कुत्रा गेला. लायनेलने घर रंगवलं, छप्पर बदललं, फाटकावर "हॅबगुड" अशी कोरीव पाटी लावली. लोक येता-जाता म्हणत, "ग्लीसनच्या फाटकाला पाटी बरी लागली हां." टपाल ग्लीसनकडे येई. आग विझवणारी गाडी एकदा सरावाला आली ती ग्लीसनकडे आली. लायनेलने नगरपरिषदेला फोन केला, की रस्त्याच्या कडेला जागांची नावं लिहिता, तिथे आमचंही लिहा.

"साहेब," तिथल्या बाई म्हणाल्या, "पाटीवर नाव यायला ते आधी लोकांच्या तोंडी असावं लागतं."

"पण तोंडी यायलाच तर पाटी हवी ना?"

"पाटी यायला तोंड हवं, साहेब."

तोंड मिटून लायनेलने फोन ठेवला होता. आणि ठरवलं होतं, की लोकांच्या तोंडी यायचं तर एकच रस्ता आहे: गवत. इथे माणूस गवतावरून ओळखला जातो. 'अमक्याचं गवत' असं लोक म्हणायला लागले, की तुम्ही रुजलात. यंदा रानात गाठी उभ्या राहतील आणि माणसं म्हणतील, हॅबगुडचं गवत बघा. त्यासाठी ग्लेनिसने त्याला आपल्या कापणीच्या फेरीत घ्यायला हवं. त्यासाठी रान. त्यासाठी कुळव. आणि कुळव त्याच्याकडे नव्हता.

कुंपण. वळा.

सप्टेंबरात वॅटलची झाडं फुलून पिवळी झाली, गवत हातभर व्हायच्या बेतात आलं, आणि लायनेलने शनिवारी कचरा डेपोवर एक साधा प्रश्न विचारला. आधी कुळव की आधी रोलर? आमच्याकडे सगळं गाव शनिवारी कचरा टाकायला येतं आणि उरलेलं शहाणपण तिथेच टाकून जातं.

आधी कुळव, हे शेंबडं पोरही सांगेल – कुळव कशाला, रोलर फिरव, दगड आत बसतील – दगड आत बसवायचे की बाहेर काढायचे, शुद्धीवर आहेस का – रोलर अजिबात नको, मुळं गुदमरतात – माझी सासू गुदमरली, मुळं नाही गुदमरत – वॅटल झडल्याशिवाय रानात पाय घालू नये – वॅटल झडेपर्यंत थांबलात तर टिटव्या अंडी घालतात – टिटव्यांना काय, त्या रस्त्यावरही घालतात – अहो पण ग्लीसन तर कधीच कुळव फिरवत नसे – म्हणून तर त्याच्या रानात पलंग निघाला!

हसणं बराच वेळ चाललं. पलंगाची गोष्ट डेपोपर्यंत पोचली आहे हे लायनेलला तेव्हाच कळलं.

शेवटी मर्व्ह बेस्विकने खांद्यावर हात ठेवला. मर्व्ह म्हणजे अलीकडचा शेजारी. मोठा आवाज, मोठे हात आणि मागितल्यावर काहीही देणारा माणूस.

"माझा साखळ्यांचा कुळव ने, गड्या. रोलरही ने. जोडून देतो. आधी कुळव, मग रोलर. आणि एक लक्षात ठेव, रस्त्यावर कुळव ओढायचा नाही. गुंडाळून वर उचलायचा."

"अर्थात," लायनेल म्हणाला. हा शब्द त्याने दुकानात हजारो वेळा वापरला होता. त्या शब्दाने नेहमी काम भागलं होतं.

फायनल जवळ आली तसा त्याला घोर लागला. शुक्रवारी सकाळी एकदाचा मर्व्हचा फोन आला. मागे इंजिनाचा धडधडाट.

"लायनेल! दोन्ही अवजारं हॅबगुडकडे टाकलीयत बघ! घेऊन जा!"

फोन बंद.

लायनेल फोन हातात धरून उभा राहिला. तोंड, हो, उघडलं. पण या वेळी सुखाने. हॅबगुडकडे. मर्व्ह बेस्विक, जो कालपर्यंत ग्लीसनचंच म्हणत असे, तो आपणहून म्हणाला होता: हॅबगुडकडे. 'तुझ्याकडे' नाही; राजाशी बोलताना लोक 'तुमच्याकडे' न म्हणता 'महाराजांकडे' म्हणतात तसं. लायनेलने हे दोनदा नोएलीनला सांगितलं.

"मग आण ना," ती म्हणाली.

तो बाहेर आला. शेडसमोर कुळव नव्हता. शेडमागेही नव्हता. फाटकाशी नाही, पाण्याच्या टाकीपाशी नाही. वॅटलखाली एक वॉलबी, छोट्या कांगारूसारखी, बसली होती; तिने मान वळवली.

"गाढवांच्या गोठ्यात बघितलंस?" नोएलीनने खिडकीतून विचारलं.

"कुळव म्हणजे काय मांजर आहे, आत जाऊन झोपायला?"

तरी त्याने बघितलं. बिशप आणि डॉरीन शेजारी-शेजारी उभी होती. त्यांच्या मागे कुळव नव्हता.

मर्व्हचा फोन लागेना. लायनेलने घरी लावला. मर्व्हची बायको थेल्मा बोलली.

"हॅबगुडकडेच ठेवलंय म्हणाला ना? मग तिथेच असणार. गावच्या हॉलवरून खाली गेलास की पुलाच्या अलीकडे, जिथे रस्ता वळतो, जिथे ती गाडी..."

शांतता.

"कुठली गाडी, थेल्मा?"

"अगं बाई, केक! केक करपतोय माझा," थेल्मा म्हणाली आणि फोन ठेवला.

या शांततेच्या आत काय होतं, ते लायनेलला माहीत होतं. आणि आपल्याशिवाय ते कुणालाही माहीत नाही, असंही त्याला इतकी वर्षं माहीत होतं. एका हिवाळ्यात, बर्फाचा पातळ पापुद्रा असताना, पुलाच्या अलीकडच्या वळणावर त्याची गाडी गटारात उलटी झाली होती. छप्पर खाली, चाकं वर, कासवासारखी. तो खिडकीतून बाहेर आला. टाय सरळ केला. आजूबाजूला कुणी नव्हतं. चालत घरी गेला. गाडी ओढायला मुद्दाम दुसऱ्या गावातून माणूस बोलावला, आणि नोएलीनला सांगितलं, गाडी दुरुस्तीला दिली आहे. ते खोटंही नव्हतं.

तो ट्रॅक्टरवर चढला. हाही ग्लीसनचाच ट्रॅक्टर. जमिनीबरोबर आलेला, आणि दुसरा गिअर टाकला की

की

की मधेच बंद पडणारा. पुन्हा चालू. टेकडी उतरून हॉलपाशी आला, तर रस्त्याचं काम चाललेलं. नवं डांबर काळंभोर, ओलं, ऊन खात पडलेलं. पिवळ्याधमक जाकिटातली एक मुलगी काठी घेऊन उभी. काठीच्या एका बाजूला 'थांबा', दुसऱ्या बाजूला 'हळू'. जाकिटावर नाव: टॅमझिन. तिने 'थांबा' दाखवलं.

"कुठं निघालात, आजोबा?"

'आजोबा' लायनेलने गिळलं. "हॅबगुडकडे."

"मग आलंच की. तो काय पुढे, वळणावर. मोकळी जागा आहे ना गटाराच्या कडेला, तिथंच. पण डांबर ओलं आहे हां. कडेच्या खडीवरून जा."

लायनेलने घसा साफ केला. "त्या जागेला हॅबगुड का म्हणतात?"

"नवीन आहात का इकडे?" मुलगी खूश झाली, दिवसभर काठी धरून कंटाळली होती. "कुणीतरी होते होबार्टचे. फार शिस्तीतले. रिकाम्या रस्त्यावर गाडी उलटी केली त्यांनी. आणि मजा काय, खिडकीतून बाहेर आले, टाय नीट केला, इकडेतिकडे बघितलं आणि कुणी पाहिलं नाही असं समजून चालत निघाले. हॉलमध्ये बायकांचं गोधड्यांचं मंडळ बसलं होतं. काचेला नाक लावून सगळ्या बघत होत्या. माझी आजी होती ना त्यात."

"सगळ्या?"

"काहींनी तर चहाचा कप घेऊन खुर्च्या ओढल्या. तेव्हापासून ते हॅबगुड. हॅबगुडवरून वळ, हॅबगुडला पाणी साचलंय, असंच म्हणतात."

"आणि ते गृहस्थ?"

"गेले असतील बिचारे. कधीची गोष्ट."

"मीच हॅबगुड आहे."

टॅमझिनने त्याच्याकडे नीट बघितलं. "त्यांच्यातले का तुम्ही? भाऊ?"

"मीच."

"नाही हो, ते गेले," ती समजुतीने म्हणाली आणि काठी फिरवून 'हळू' दाखवलं.

पुढे वळणावर केशरी फळी उभी होती. तिच्यावर नगरपरिषदेचं बोधचिन्ह, आणि खाली ठसठशीत: 'रस्ता दुरुस्ती. हॉल ते हॅबगुड.' लोकांच्या तोंडी होतं म्हणूनच ते आलं होतं. बाईंनी सांगितलं होतं त्यात काडीची चूक नव्हती.

तोंड किती वेळ उघडं राहिलं, सांगता येत नाही. एक माशी आत जाऊन परत आली.

कुळव आणि रोलर गटाराच्या कडेला नीट ठेवले होते. कुळव म्हणजे लोखंडी साखळ्यांची मोठी चटई, खालून दात. अंथरली की शेण पसरते, मेलेलं गवत उपसून काढते. रोलर म्हणजे पोटात पाणी भरलेलं लोखंडी पिंप. लायनेलने कुळव अडकवला. रोलर नंतर नेऊ. गुंडाळून वर उचलायचा, हे त्याला माहीत होतं. 'अर्थात' म्हणून झालं होतं. पण आपण मेलो आहोत आणि गटार होऊन उरलो आहोत, हे ज्याला नुकतंच कळलं आहे, त्याच्याकडून साखळ्या गुंडाळण्याची अपेक्षा करणं म्हणजे फारच झालं.

शिवाय तो खडीवरून गेला नाही. रस्त्याच्या मधून गेला. ताठ बसून गेला. मागून ओरडणं ऐकू आलं. बऱ्याच उशिरा का होईना ओळखलं असावं, असं वाटून त्याने न वळता हात हलवला.

त्या वेळी उघडलं ते टॅमझिनचं तोंड. काठी हातातून पडली. ओलं डांबर वळणापासून हॉलपर्यंत, खोबरेल लावून विंचरलेल्या केसांसारखं, भांग पाडून निघालं होतं.

कुंपण नाही. पण वळावंच लागेल.

रानात पोचेपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही. रानात पोचल्यावर पाहिलं, पण तेव्हा कुळव गवतात होता आणि तो ठीकच दिसला. जरा काळा, एवढंच. त्याने एक फेरी मारली. टिटव्यांची जोडी ओरडत डोक्यावरून गेली. दुसरी फेरी. कुळव जड वाटायला लागला. तिसऱ्या फेरीला ट्रॅक्टर कण्हू लागला.

इथे एक परिच्छेद होता. तो डांबराला चिकटला. जेवढा सुटला तेवढा असा:

काटेरी तार गाठी बांधायचा सुंभ मेंढीचा जबडा मोडकी किटली शेणाची पोळी शेणाची पोळी घोड्याचा नाल कुणाच्या तरी गाडीचा नंबर बिजागरी बिजागरी दुसरी काटेरी तार पत्रा डबा डब्याचं झाकण डब्यातलं जे काय होतं ते

लायनेल उतरला. मागे साखळ्यांची चटई नव्हती. मागे एक गोळा होता. म्हशीएवढा, काळा, केसाळ, सगळीकडून तारा बाहेर आलेला. कुळव त्याच्या आत कुठेतरी असावा.

"लायनेल," नोएलीन कुंपणावरून म्हणाली, "हा काय प्रकार?"

"कुळव."

"मर्व्हचा?"

हा प्रश्न त्याने अजून स्वतःला विचारला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. रस्त्याच्या कामाचा मुकादम होता. आवाज चढला नव्हता, हेच भीतीदायक.

"गोधड्यांच्या मंडळाकडून तुमचा नंबर मिळाला. ऐका. डांबर घट्ट व्हायच्या आत तो रस्ता दाबायला हवा. आमचा रोलरवाला फायनल बघायला मेलबर्नला गेला. तुमच्याकडे रोलर आहे असं कळलं. उद्या ऊन चढलं की या आणि दाबा. नाहीतर मी वर कळवतो, आणि वरचे लोक काय भाषेत बोलतात ते तुम्हाला ठाऊक नाही."

वरचे लोक कुठल्या भाषेत बोलतात, ते लायनेलला ठाऊक होतं. पाटी, तोंड, तोंड, पाटी.

म्हणून शनिवारी, सगळा देश टीव्हीसमोर बसलेला, प्रत्येक घरातून मीट-पायचा, म्हणजे खिमा भरलेल्या गरम पेस्ट्रीचा वास येत असलेला, त्या दिवशी लायनेल हॅबगुड हॅबगुडवर रोलर फिरवत होता. पुढे, मागे. पुढे, मागे. उशिरा निघालेले लोक दुकानातून सॉस घेऊन परतताना गाडी हळू करत आणि भोंगा वाजवत.

"हॅबगुड हॅबगुडला आलाय रे!"

"या वेळी चाकं खालीच ठेव, लायनेल!"

मर्व्हही आला. त्याने रोलरकडे बघितलं. रोलर वरून खालपर्यंत डांबराने काळा झाला होता.

"रोलर धुता येईल," तो मोठ्या मनाने म्हणाला. "कुळव कुठाय?"

लायनेलने रोलर पुढे नेला. मग मागे आणला. मर्व्ह तिथेच होता.

"आहे," लायनेल म्हणाला. "आत आहे."

"कशाच्या आत?"

रोलरची वेळ रस्त्यावर संपली. रानावर तो फिरलाच नाही. रविवार उजाडला.

ग्लेनिस डफ आली ती काही न बोलता फाटक उघडून सरळ रानात. मागे मर्व्ह. त्याच्या मागे नोएलीन, तिच्या मागे कुणीही न बोलावलेली दोन गाढवं. लायनेल फाटकाशी उभा राहिला. स्वतःच्या अंत्ययात्रेत कुठे उभं राहायचं ते न कळलेल्या माणसासारखा.

ग्लेनिस चालत होती. टाचेने माती उकरत होती. मधेच बसली, गवतात बोटं घातली. परत उठली. चालली. रान उंचसखल होतं, रोलर न लागलेलं, जागोजागी डांबराचे ठिपके. ते तिला दिसलेच असणार. मग ती त्या गोळ्यापाशी पोचली आणि थांबली.

आणि तिचं तोंड उघडलं.

आपल्या गोष्टीतली सगळी तोंडं एकीकडे आणि ग्लेनिसचं एकीकडे. ते मिटायला फार वेळ लागला. तिने गोळ्याभोवती एक चक्कर मारली. एक तार ओढून बघितली. नाल बघितला. बिजागऱ्या बघितल्या.

"हे सगळं या रानातलं?"

"हो."

"माझा बाप म्हणायचा, या रानात लोखंड उगवतं. वेचून संपत नाही." ती वळली. "मी दोन फेऱ्या टाच मारत आले. एक खिळा लागला नाही. कसं केलंस?"

लायनेल खरं सांगणार होता. तोंड उघडलंही होतं. पण त्यातून जे निघालं, ते दुकानातलं होतं. काउंटरमागचं, चष्मा नाकावर घेऊन बोलायचं.

"काळं मलम," तो म्हणाला. "गळवाला लावतो ना आपण? आतलं ओढून काढायला. तेच. फक्त रानाला लावलं."

"मलम त्याचं, कुळव माझा!" मर्व्ह ओरडला. त्याने गोळ्यावर हात ठेवला होता; हात सुटत नव्हता.

"गप रे, मर्व्ह. नवा घे. तो तुझ्या आजोबांचा होता." ग्लेनिसने लायनेलकडे बघितलं, पहिल्यांदाच वरून खाली न बघता सरळ. "रोलर नाही फिरवलास."

"रस्त्यावर फिरवला."

"ऐकलं. अख्ख्या टेकडीनं ऐकलं. उद्या माझा रोलर पाठवते, माझ्याकडचा गडी डॅरल फिरवून देईल. डिसेंबरात कापू. घेतलं तुला फेरीत."

नोएलीनने लायनेलचा हात धरला. बिशप ओरडला. लायनेलला वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे आणि काहीही सुचत नाही, आणि हे किती छान आहे.

ग्लेनिसने फोन लावला, दोन शब्द बोलली आणि फोन त्याच्या हातात दिला. "डॅरल आहे. कुठं यायचं ते सांग. मेंदूनं जरा जाड आहे, एकदा कळलं की जन्मभर तिथंच येतो."

"हॅब..." लायनेल म्हणाला.

ग्लेनिसने फोनवर तळहात ठेवला. "तसं सांगू नकोस. उद्या तो रोलर घेऊन गटारात जाऊन उभा राहील. आणि डिसेंबरात यंत्र घेऊन तिथंच."

"पण हे माझं रान आहे."

"तुझंच आहे. कोण नाही म्हणतंय?"

"मग माझ्या नावानं का नाही?"

ग्लेनिसला हा प्रश्न खरोखर नवा होता. तिने विचार केला. "हे बघ. ग्लीसन जिवंत होता तोवर याला सगळे पॅस्कोचं म्हणायचे. बिचारा पाटी लावून लावून थकला. तो गेला, तू आलास, तेव्हा कुठं ते ग्लीसनचं झालं. तुझ्यानंतर जो येईल, त्याच्या वेळी म्हणू की हॅबगुडचं."

"हॅबगुड तर गटार आहे."

"ते खरं," ग्लेनिस म्हणाली. "तुझी जरा घाई झाली."

फोनमधून डॅरलचा आवाज येत होता. हॅलो. हॅलो. लायनेलने रानाकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते स्वच्छ होतं. वरचं वाळकं गवत निघून खालचं हिरवं उघडं पडलेलं. डिसेंबरात इथे गाठी उभ्या राहणार होत्या. कुणाच्या म्हणून, तेवढं फक्त आता, या फोनमध्ये, त्यालाच सांगायचं होतं. दोन्ही गाढवं कान पुढे करून बघत होती.

"हॅलो? कुठं यायचंय?"

"ग्लीसनकडे," लायनेल हॅबगुड म्हणाला.

"हां, कळलं," डॅरल म्हणाला. "हॅबगुडवरूनच येतो मग. तिथला रस्ता आता झकास झालाय म्हणतात."